घरीच शिकणारा मुलगा, वय १५: वेळेचं भान कसं यावं?

तिघांची आई

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

आमच्या घरशाळेचं हे आठवं वर्ष. मोठा १५ वर्षांचा, मधली ११ची आणि धाकटा ६ वर्षांचा. धाकटी दोघं अजून माझ्या शेजारी बसून शिकतात, त्यांचं ठीक चाललंय. प्रश्न मोठ्याचा आहे. मुलगा गुणी आहे. सकाळचा शास्त्रपाठ चुकवत नाही, उलटून बोलत नाही. पण मी म्हटलं की उठतो, मी म्हटलं की वही उघडतो, मी म्हटलं की मिटतो. मी तासभर बाहेर गेले तर परत येईपर्यंत तो त्याच पानावर असतो. बीजगणिताचा पाऊण तासाचा पाठ दुपारच्या जेवणापर्यंत रेंगाळतो, मग दुपारचा अभ्यास संध्याकाळवर ढकलला जातो आणि रात्री नऊला आम्ही दोघं दमलेल्या, चिडलेल्या अवस्थेत इतिहास उघडतो. शाळेत घंटा असते. आमच्या घरात ती घंटा म्हणजे माझा आवाज.

गेल्या महिन्यात त्याला तीन आठवड्यांचं काम दिलं. स्वतः वाचून, टिपणं काढून आठ पानी निबंध. मी ठरवून मध्ये काहीच विचारलं नाही. आदल्या रात्री वही मागितली. तारीख, शीर्षक आणि साडेतीन वाक्यं. चौथं वाक्य ‘आणि त्यामुळे’वर थांबलेलं.

मी खूप बोलले. बोलण्याच्या भरात बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या ६व्या अध्यायातली मुंगी काढली आणि आळशाला तिथे काय सुनावलंय ते तोंडपाठ म्हणून दाखवलं. तो गप्प उभा राहिला. झोपायच्या आधी माझ्याजवळ आला आणि म्हणाला, “आई, रागाव तू, पण वचन असं अंगावर फेकू नकोस. सकाळी मला तेच पुस्तक उघडायचं असतं.”

त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. वेळ त्याच्या हातात सोपवायचा तो कसा, किती, कुठून सुरुवात करायची? आणि वेळ ही देवाची देणगी आहे, तिचा हिशेब द्यायचा आहे, हे मी मनापासून मानते. ते वचनाचा चाबूक न करता त्याच्यापर्यंत कसं पोहोचवू? ज्यांची मुलं या वयातून गेली आहेत त्यांनी जरूर लिहा.

रात्रपाळीचा बाबा

ताई, सलाम. मी एकच विचारतो: तो झोपतो किती वाजता आणि उठतो किती वाजता?

आमची लेक १४ची असताना आम्ही वर्षभर तिला आळशी समजत होतो. सकाळी सहाला कौटुंबिक प्रार्थना, साडेसहाला गणित. डोळे उघडे, पेन हातात आणि पुढ्यातलं उदाहरण तसंच. मी स्वतः रात्रपाळ्या करतो, झोप मोडली की डोकं कसं चालेनासं होतं ते मला माहीत आहे. तरी तिच्या बाबतीत हे लक्षात यायला वर्ष गेलं.

या वयात शरीरातलं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा वाढतं, त्यामुळे मूल दहाला अंथरुणावर पडलं तरी टक्क जागं असतं. १३ ते १८ या वयाला ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली याच कारणासाठी मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नयेत असं सुचवलं होतं. शाळांना ते जमवणं कठीण जातं. आपल्या हातात तर वेळापत्रक आहे! आम्ही गणित साडेदहाला नेलं, मोठी प्रार्थना संध्याकाळी ठेवली आणि रात्री सगळ्यांचे फोन, माझ्यासकट, बाहेरच्या खोलीत ठेवायला लागलो. महिन्याभरात मुलगी वेगळी दिसायला लागली.

१२७वं स्तोत्र काढून वाचा. पहाटे उठणं आणि रात्री उशिरापर्यंत खपणं व्यर्थ आहे आणि देव आपल्या प्रियजनांना झोप देतो, असं तिथे स्पष्ट आहे. झोपेलासुद्धा देणगी म्हणणारं वचन मुलाला ऐकवलं तर त्याला नक्की चालेल.

चौघांची घरशाळा संपवलेली

अगं, तुला अगं-तुगंच करते, माझी थोरली तुझ्याच वयाच्या आसपास असेल.

तुझ्या लेकाने जे सांगितलं ते फार मोलाचं आहे. ज्या मुलाला सकाळी तेच पुस्तक उघडायचं असतं, त्याचा त्या पुस्तकावर जीव आहे. आधी त्याची माफी माग. ‘पण तूही...’ असं काही पुढे न जोडता.

आता त्याच मुंगीबद्दल. आपण सगळ्या आया ६वी ओवी मुलांना ऐकवतो आणि ७वी सोडून देतो. ७व्या ओवीत काय आहे? त्या मुंगीला कोणी मुकादम नाही, कोणी देखरेख करणारा नाही, कोणी धनी नाही. कोणी न सांगता ती उन्हाळ्यात साठवते. नीतिसूत्रं सांगणाऱ्या शलमोन राजाला कौतुक आहे ते त्याचं. तुझ्या घरातल्या मुंगीला मात्र मुकादम आहे, सकाळपासून रात्री नऊपर्यंत.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, माझी थोरली मी अशीच वाढवली. १८ वर्षं तिचा प्रत्येक तास मी हाकारला. एकोणिसाव्या वर्षी शिकायला बाहेर पडली आणि पहिल्याच सत्रात दोन विषय गेले. फोनवर रडत म्हणाली, “आई, मला सगळं येतं गं, पण सुरू कधी करायचं तेच कळत नाही.” सुरू करायची हाक तिला बाहेरून यायची सवय होती आणि तिथे हाक मारायला कोणी नव्हतं. ते वाक्य मी अजून विसरलेले नाही. पुढच्या तिघांच्या वेळी मी सगळं बदललं.

पहिले दोन आठवडे वेळापत्रकच करू नकोस. एक साधी वही घे, पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे ‘किती वेळ लागेल’, उजवीकडे ‘किती लागला’. काम सुरू करायच्या आधी डावी बाजू भरायची, संपल्यावर उजवी. बस. माझ्या दुसऱ्याची ती वही अजून माझ्या कपाटात आहे. पहिल्या पानावर लिहिलंय: गणित, १० उदाहरणं, २० मिनिटं. उजवीकडे: ५५. त्याखाली: मावशीला पत्र, १ तास. उजवीकडे: २५. त्याखाली: खोली आवरणे, अख्खी दुपार. उजवीकडे: ४० मिनिटं. पोरगं स्वतःच बघत बसलं. जे आवडत नाही ते डोंगराएवढं वाटतं आणि जे येतं असं वाटतं त्याला हमखास वेळ कमी धरला जातो. मोठ्यांचंही हेच होतं. कानेमन आणि ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या चुकीला नाव दिलं होतं, आपण त्याला नियोजनातला भ्रम म्हणू. आधी असं काम कितीदा लांबलं हे ठाऊक असूनही माणूस या खेपेला सगळं सुरळीत होईल असंच धरून चालतो.

आणि लूकच्या १४व्या अध्यायात प्रभू बुरूज बांधणाऱ्याबद्दल काय म्हणतो? तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. तिथे विषय शिष्य होण्याची किंमत मोजण्याचा आहे, अभ्यासाचा नाही, हे मला ठाऊक आहे. पण ‘आधी बसून’ हे दोन शब्द माझ्या मुलांनी वहीच्या पुठ्ठ्यावर आपणहून लिहिले होते. मी सांगितलं नव्हतं.

एक पथ्य मात्र पाळ. ती वही तपासायची नाही. त्याने दाखवली तर बघायची आणि हसू आलं तर दोघांनी हसायचं. ज्या दिवशी तू उजव्या बाजूवरून बोललीस, त्या दिवसापासून तो तिथे खोटे आकडे लिहील.

मग सोपवणं. थोडं थोडं. मी आधी सकाळचे दहा ते बारा एवढेच दिले. तीन कामं, क्रम त्याचा, मी त्या खोलीत जायचं नाही. बाराला दार उघडायचं आणि “काय झालं, काय राहिलं?” एवढंच विचारायचं. राहिलं ते त्याच्या दुपारच्या मोकळ्या वेळात. दोन महिन्यांनी पूर्ण सकाळ, मग पूर्ण दिवस, मग सोमवारी आठवड्याची यादी हातात. पूर्ण सत्र त्याच्याकडे जायला दीड वर्ष लागलं. मध्ये दोनदा सगळं कोसळलं, तेव्हा एक पायरी मागे घेतली. मागे घेताना शिक्षा म्हणून घेऊ नकोस. ‘हे जरा जड झालं, थोडं कमी करू’, एवढंच.

निबंधाचं वेगळं सांगते, कारण तिथे तुझंही चुकलं. तीन आठवडे एक शब्द न विचारणं हे सोपवणं नाही गं, ते वाऱ्यावर सोडणं झालं. १५ वर्षांच्या मुलाला तीन आठवडे हा काळ दिसतच नाही. त्याला आज दिसतो आणि फार तर शुक्रवार दिसतो. नहेम्याचा ३रा अध्याय त्याच्याबरोबर वाच. लोक तो नावांची यादी म्हणून सोडून देतात. यरुशलेमेची पडकी भिंत ५२ दिवसांत उभी राहिली ती कशी, ते त्या यादीत आहे: अमक्याने हा दरवाजा, त्याच्या शेजारी तमक्याने हा तुकडा, कित्येकांनी तर आपापल्या घरासमोरचाच भाग. अख्खी भिंत कोणाच्याच वाट्याला नव्हती. मी माझ्या तिसरीला निबंध असाच तोडायला शिकवलं. पहिल्या शुक्रवारी फक्त पुस्तकांची नावं आणि दहा टिपणं. दुसऱ्या शुक्रवारी कच्चा खर्डा, कितीही वाईट चालेल. तिसऱ्या शुक्रवारी पक्कं. दर शुक्रवारी दहा मिनिटं मी तिच्याजवळ बसायचे.

हे बसणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. सुझॅना वेस्ली ही इंग्लंडमधल्या एपवर्थच्या पाळकाची बायको. १९ लेकरं झाली, त्यातली अर्ध्याच्या आसपास जगली, आणि घरातच सकाळी तीन तास, दुपारी तीन तास अशी शाळा चालवली. एवढ्या रगाड्यात तिने प्रत्येक मुलासाठी आठवड्यातली एक संध्याकाळ राखून ठेवली होती. १७१२ साली नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात तिने वार लिहून ठेवलेत, त्यात गुरुवार जॉनचा. हाच पुढे मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली. तरुणपणी, घर सोडून कित्येक वर्षं झाल्यावरही, तो आईला पत्रातून तीच गुरुवारची संध्याकाळ मागत होता. त्या संध्याकाळी ती मुलाच्या आत्म्याची विचारपूस करायची. तू तुझ्या लेकाला एक वार दे, आणि त्या वेळी राहिलेल्या अभ्यासाचा विषय काढू नकोस. वचनाचं काय करू म्हणून विचारलंस ना, ते तिथे उघड. दोघांनी मिळून, रागाच्या वेळेपासून लांब.

शब्बाथाचंही लिहायचं होतं, पण फार लांबलं. एवढंच सांगते की निर्गमाच्या १६व्या अध्यायात सहाव्या दिवशी मान्ना, म्हणजे रानात देवाने दिलेलं अन्न, दुप्पट गोळा करायचा होता. सातव्या दिवसाची विश्रांती आदल्या दिवशीच तयार करावी लागते. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी सहाला सगळ्या वह्या बंद, उरलेलं काहीही रविवारी चालायचं नाही. शनिवारी तीन ते सहा ही आमच्या घरातली सर्वांत वेगवान शाळा असायची.

सतरा पूर्ण

मी आई नाही, मी त्या मुलाच्या जागी होते म्हणून लिहिते. पाचवीच्या वयापासून घरीच शिकले.

काकू, “झालं का?” हा प्रश्न विचारू नका. माझी आई दिवसातून दहा वेळा विचारायची आणि दर वेळी मला आधीच उशीर झालाय असं वाटायचं. एक दिवस तिने विचारलं, “आधी काय घेणार आहेस?” मी उत्तर देण्यासाठी पहिल्यांदाच यादीकडे नीट पाहिलं. उत्तर तोंडातून निघालं की ते माझं झालं, मग करावंसंही वाटलं.

दुसरं थोडं आतलं आहे. एक तास वाया गेला की मला वाटायचं देव नाराज झाला, आता प्रार्थनेला काय तोंड दाखवू. मग त्या लाजेत पुढचे दोन तास जायचे. बाहेरून बघणाऱ्याला मी नुसती खिडकीतून बघत बसलेली दिसायचे. आमच्या पाळकांच्या पत्नीने मला विलापगीतांचा ३रा अध्याय वाचायला दिला, दया रोज सकाळी नवी होते तो भाग. मी त्यांना विचारलं, सकाळपर्यंत थांबावं लागतं का? त्या म्हणाल्या, नाही, साडेअकरालाही नवी होते. तेव्हापासून तास गेला की मी वहीत एक आडवी रेघ मारते आणि रेघेखालून पुन्हा सुरू करते. काही दिवसांत चार-चार रेघा असतात.

तुमचा मुलगा त्या ‘आणि त्यामुळे’पाशी तीन आठवडे लाजेने अडकला असेल, असं मला वाटतं. नक्की माहीत नाही. विचारून बघा.

संडे स्कूलवाले दादा

वरचं सगळं पटलं, पण मला एक बाजू राहिल्यासारखी वाटते. ताई, मुलाच्या दिवसातले तास खरंच त्याचे आहेत का, हे एकदा मोजा.

मी मंडळीत तरुणांचं काम बघतो. घरशाळेतल्या मोठ्या मुलाला सगळे हक्काने बोलावतात, कारण तो ‘घरीच असतो ना’. धाकट्याला सांभाळ, आजोबांना दवाखान्यात ने, गायकवर्गाचा सराव, सभागृहात खुर्च्या लाव. मीही हे पाप केलंय. एका मुलाला मी आठवड्यातून तीन दुपारी बोलवत होतो. त्याच्या वडिलांनी एकदा मला शांतपणे विचारलं, “शाळेत जाणाऱ्या मुलाला तुम्ही दुपारी दोनला फोन केला असता का?” मला उत्तर देता आलं नाही. आता मी आधी आईवडिलांना विचारतो, आणि अभ्यासाच्या वेळेत तर नाहीच.

मार्कच्या पहिल्या अध्यायात अख्खं गाव दाराशी जमलं होतं. पहाटे प्रभू एकांतात प्रार्थनेला गेला, शिष्य शोधत आले की सगळे तुझा शोध करताहेत, आणि तो म्हणाला, चला, आपण दुसऱ्या गावांत जाऊ. मागे राहिलेल्यांची गरज खरी होती. तरी तो गेला, कारण आपण कशासाठी आलो हे प्रार्थनेत ठरलेलं होतं. मुलांना आपण ‘हो’ म्हणायला फार शिकवतो. सेवेला नम्रपणे ‘आज नाही’ म्हणता येणं हेही वेळेचंच शिक्षण आहे, आणि ते घरातूनच सुरू व्हावं लागतं.

तिघांची आई

तीन आठवडे झाले, म्हणून लिहिते आहे. सगळ्यांची मी फार आभारी आहे. काकू, तुमचं उत्तर मी छापून घेतलं.

माफी मागितली. तो म्हणाला, “ठीक आहे गं,” आणि मग बराच वेळ माझ्याजवळच बसून राहिला. निबंधाचंही विचारलं. सतरा वर्षांच्या ताईचं बरोबर निघालं. त्याने सुरुवातीच्या तीन वाक्यांची तीस-एक रूपं वेगळ्या कागदांवर लिहून फाडली होती. चांगलं जमत नव्हतं म्हणून मला दाखवायची लाज वाटली. मी ज्याला आळस म्हटलं ते हे होतं. आता वाईट खर्डा लिहायची परवानगी दिली आहे. त्याला ते अजून जड जातंय, दोन परिच्छेद झालेत.

झोपेचं पाहिलं. तो पावणेबाराला झोपत होता आणि मी साडेपाचला उठवत होते. मोजून पावणेसहा तास. आता सातला उठतो आणि बीजगणित दहाला.

दादा, तुमचं वाचून मी आठवडाभर मुकाट्याने मोजलं. मी त्याला एका आठवड्यात धाकट्यासाठी १४ वेळा हाक मारली. बहुतेक वेळा बीजगणिताच्या मध्येच. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी मानलं नसतं.

वही चालू आहे. मी उघडत नाही. परवा त्यानेच आणून दाखवली: ‘बीजगणित, ३० मि.’ आणि समोर ‘७०’, त्याच्या पुढच्या दिवशी ‘६०’ आणि समोर ‘६५’. त्या पासष्टखाली त्याने दोन रेघा ओढल्या होत्या. दहा ते बारा ही वेळ त्याची. पहिल्या आठवड्यात तीनपैकी एकच काम झालं आणि मी दाराबाहेर हात घट्ट धरून उभी होते. इतिहास मात्र अजून जमत नाही, तो रात्रीवरच जातो आहे. त्यावर कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

बुधवारची संध्याकाळ त्याला दिली आहे. या बुधवारी आम्ही नहेम्या ३ वाचला. त्याने बोट ठेवून ठेवून बघितलं की कोणाच्या वाट्याला किती तुकडा आला होता, आणि शल्लूम नावाच्या माणसाने आपल्या मुलींना बरोबर घेऊन भिंत बांधली हे त्याने मधलीला हाक मारून दाखवलं.

काल त्याने विचारलं, “उद्या सकाळी बाराच्या आत धाकट्याला तू बघशील ना? खर्ड्याला दीड तास धरलाय मी.” मी हो म्हटलं. आत्ता अकरा वाजून दहा मिनिटं झाली आहेत. धाकटा माझ्या मांडीवर आहे आणि आतल्या खोलीचं दार लोटलेलं आहे.